पुराला कोणतं गाव किती असुरक्षित, हे मोजायचं कसं? मांजरा-तेरणा काठच्या गावांचा नकाशा

तेरणाकाठ:

नमस्कार मंडळी. निलंगा आणि औसा तालुक्यांतली, मांजरा-तेरणाच्या दोन्ही बाजूंची साधारण साठ गावं घेऊन पूर-असुरक्षिततेचा, म्हणजे आपण सर्रास व्हल्नरेबिलिटी म्हणतो त्याचा, गावनिहाय नकाशा चालू आहे. उपयोग ठरलेला आहे. पुढच्या पावसाळ्याआधी भोंगे कुठे बसवायचे, निवाऱ्याला कोणत्या शाळा नेमायच्या आणि लाइफ जॅकेट, दोर कोणत्या ग्रामपंचायतींकडे ठेवायचे, याचा क्रम लावायचा आहे.

आतापर्यंत जनगणना २०११ मधून लोकसंख्येची घनता, शेतमजुरांचं प्रमाण, साक्षरता आणि कच्ची घरं घेतली. ग्रामदर्शिकेतून डांबरी रस्ता आणि आरोग्य केंद्राचं अंतर, कृषी खात्याकडून सिंचित क्षेत्र, मंडळनिहाय पावसातून ६५ मिमीच्या वरचे दिवस, शिवाय नदीपासूनचं अंतर. असे एकूण १४ निर्देशक. सगळे ० ते १ मध्ये आणले, समान भारांक दिले, सरासरी काढली, पाच रंगांत नकाशा छापला.

अडचण अशी की नदीला लागून असलेली ऊसवाली गावं 'सर्वांत सुरक्षित' आली आणि माळावरची कोरडवाहू गावं लाल झाली. सप्टेंबर २०२५ ला पाणी नेमकं उलट ठिकाणी होतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे उलटं कशानं झालं? सेंटिनल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून पुराचं क्षेत्र काढलं तर भरलेले तलावही पूर म्हणून येतात आणि उसाचे फड कोरडे दिसतात, त्याचं काय करायचं? आणि उंचीसाठी डेम, म्हणजे चौकोनाचौकोनांत जमिनीची उंची देणारा थर, १२.५ मीटरवाला पलसार या रडारचा घ्यावा की ३० मीटरचा?

गोदाकाठ_परभणी:

तुमचा नकाशा चुकलेला नाही, तो दुष्काळाचा नकाशा झालाय.

असुरक्षिततेच्या बहुतेक निर्देशकांच्या याद्या शेती आणि अवर्षण समोर ठेवून बनलेल्या असतात. त्यात सिंचन म्हणजे ताकद. पावसानं दगा दिला तर ते खरंच आहे. पण पुरात नदीकाठचं सिंचन म्हणजे काठावरच्या मोटारी, स्टार्टर, पाइपलाइन, ठिबकच्या नळ्या आणि गाळानं बुजणाऱ्या विहिरी. पाणी आलं की हे सगळं वाटेत असतं आणि बरंचसं कर्जावर घेतलेलं असतं. म्हणून प्रत्येक निर्देशकासमोर आधी एक खूण लिहा, पुरासाठी हा धोका वाढवतो की कमी करतो. जिथे ठामपणे सांगता येत नाही, तो निर्देशक सरळ काढून टाका. चौदातले चार-पाच तिथेच गळतील आणि त्यात काही बिघडत नाही.

दुसरी चूक रचनेची आहे. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, २००७ च्या चौथ्या अहवालात असुरक्षितता म्हणजे संपर्क, संवेदनशीलता आणि जुळवून घेण्याची क्षमता या तिन्हींचं मिश्रण होतं. २०१४ च्या पाचव्या अहवालापासून मांडणी बदलली. तिथे जोखीम ही धोका, संपर्क (धोक्याच्या वाटेत किती माणसं-घरं आहेत) आणि असुरक्षितता या तिघांतून येते, आणि असुरक्षिततेत फक्त संवेदनशीलता व क्षमता उरते. तुमच्या यादीत पाऊस आणि नदीचं अंतर (धोका), घनता (संपर्क), साक्षरता (क्षमता) एकाच पातेल्यात पडलेत. चौदापैकी नऊ-दहा निर्देशक गरिबीचेच असतील तर माळावरचं गरीब गाव लाल होणारच, मग पाणी तिथे कधी पोचो वा न पोचो. तीन थर वेगळे ठेवा, तिन्हींचे तीन नकाशे काढा आणि एकत्र सगळ्यात शेवटी करा.

दुष्काळ आणि पूर एका निर्देशांकात कधीच घालू नका. मराठवाड्यात हा मोह फार होतो, कारण दोन्ही इथलेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिल्ह्यातल्या नद्या पात्राबाहेर गेल्या. दोन्हींची सरासरी काढली की दोन्ही धोके एकमेकांना खाऊन टाकतात आणि सगळी गावं मधल्या पिवळ्या रंगात येतात.

आता निर्देशक कोणते घ्यावेत. पुरासाठी आपल्या भागात मी हे धरीन.

घराची भिंत आणि छप्पर. जनगणनेच्या गृहयादीत गावनिहाय टक्केवारी मिळते. पण नुसतं 'कच्चं घर' घेऊ नका. आपल्याकडचं माळवद, म्हणजे लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर, जनगणनेत गवत-बांबू-लाकूड-माती याच गटात जातं. माळवद पुरानं नाही, सलग तीन-चार दिवसांच्या पावसानंच भिजून जड होतं आणि खाली बसतं. पत्र्याचं घर वजनानं असं बसत नाही, पण त्याची विटामातीची भिंत पाणी पायथ्याला लागलं की सुटते. त्यामुळे भिंत हा पुराचा निर्देशक आणि छप्पर हा अतिवृष्टीचा, असे दोन वेगळे स्तंभ करा. मातीच्या, कच्च्या विटांच्या आणि चुना-सिमेंटाविना रचलेल्या दगडी भिंती एकत्र मोजा.

पीक आणि महिना. सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये काढणीला येतं. तेव्हा पाणी साचलं की शेंगेतच मोड फुटतात. तेच पाणी जुलैत आलं तर दुबार पेरणीचा खर्च होतो, हातचं पीक जात नाही. कपाशीला आकस्मिक मर लागते, तूर मुळाशी पाणी राहिलं की उधळते. म्हणून पिकाची संवेदनशीलता एका आकड्यात न देता जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशी दोनदा काढा. क्षेत्र ई-पीक पाहणीतून घ्या.

जमीन खरडून जाणं वेगळं मोजा. पिकाचं नुकसान एका हंगामाचं असतं, काठची माती गेली तर ते वावर पुढची कित्येक वर्षं उभं राहत नाही.

जनगणनेबद्दल एक इशारा, कारण यात बरेच जण फसतात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तो साखर कारखान्यांच्या गाळपाचा काळ. त्या संपूर्ण मुदतीत बाहेर असलेला माणूस गावात मोजला जात नाही, जिथे सापडला तिथे मोजला जातो. बीड, धाराशिव, जालन्यातली ऊसतोडीला जाणारी गावं आणि तांडे त्यामुळे कागदावर लहान दिसतात. पूर मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, तेव्हा सगळे घरीच असतात. अशा गावांसाठी अंगणवाडी आणि आशाताईंच्या नोंदवहीतली कुटुंबसंख्या घ्या. सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांचा आकडाही तिथेच चालू वर्षाचा मिळतो, १५ वर्षांपूर्वीचा नाही.

आणि तुमच्या पट्ट्याला आणखी एक लागू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी वसवली. जुन्या टोपोशीटवर गावठाणाचा ठिपका जुन्या जागीच आहे. तो ठिपका धरून नदीचं अंतर मोजलं तर ओसाड गावठाणाची असुरक्षितता मोजली जाईल. उपग्रह प्रतिमेवर प्रत्येक गावठाण डोळ्यांनी तपासा. साठ गावांना एक दिवस पुरतो.

डेम_आणि_नाला:

वरचं सगळं मान्य, फक्त 'नदीपासूनचं अंतर' हा निर्देशक पूर्ण काढून टाका. काठ उंच असेल तर नदीपासून २०० मीटरवरचं गाव कोरडं राहतं आणि सखल खोऱ्यात दीड किलोमीटर आत पाणी जातं. त्याऐवजी जवळच्या प्रवाहापासूनची उभी उंची घ्या. सगळे तिला 'हँड' म्हणतात.

आधी डेमचं. १२.५ मीटरचा पलसारसोबत येणारा डेम घेऊ नका. तो पलसारनं मोजलेला नाही. रडार प्रतिमा सरळ करायला एसआरटीएम या जुन्या अवकाश-मोजणीचाच ३० मीटर डेम बारीक चौकोनांत ताणून तिथे ठेवलाय. चौकोन लहान झाले, माहिती वाढली नाही. शिवाय त्यातल्या उंच्या समुद्रसपाटीवरून नसून पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरून आहेत, आपल्या भागात हा फरक साठ मीटरहून जास्त येतो. एकाच नकाशात निम्मा भाग या डेमचा आणि निम्मा दुसऱ्याचा वापरला की मध्येच कडा तयार होतो आणि प्रवाह तिथे उलटे वाहतात.

कोपर्निकसचा ३० मीटर डेम घ्या. झाडं-घरं वजा केलेला फॅबडेम मिळाला तर आणखी बरा, कारण नदीकाठच्या बाभळी आणि उसाचे फड साध्या डेममध्ये टेकडीसारखे वर येतात. एवढं करूनही कोपर्निकसची सांगितलेली उभी अचूकता ४ मीटरच्या आतली आहे, सेंटिमीटरांची नाही. म्हणजे हँड २ मीटर आणि ३ मीटर यांत भेद करू नका. ० ते ३, ३ ते ६, ६ ते १० आणि त्यावर, असे चार गट पुरे.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रम असा. सगळे थर ईपीएसजी ३२६४३ (यूटीएम झोन ४३ उत्तर, मीटरमध्ये मोजणारी प्रणाली) मध्ये आणा, अंशांमध्ये ठेवून क्षेत्रफळ काढू नका. (किनवटकडचा थोडा भाग ७८ अंशांच्या पलीकडे, पुढच्या झोनमध्ये जातो. पूर्ण मराठवाड्याचं काम असलं तरी एकच ४३ उत्तर ठेवा.) मग खड्डे भरणं, प्रवाहाची दिशा, प्रवाह-संचय. प्रवाह कुठून सुरू झाला असं मानायचं, यावर सगळं ठरतं. ५ चौरस किलोमीटरचं पाणलोट धरलं तर ३० मीटरच्या चौकोनांत ते ५,५५५ चौकोन होतात. उंबरठा एक लाख चौकोनांवर ठेवलात तर फक्त मांजरा-तेरणासारख्या मोठ्या नद्या उरतात, ओढे गायब होतात आणि ओढ्याकाठच्या वस्त्या सुरक्षित दिसतात. आपल्याकडे माणसं बहुतेकदा ओढ्यात जातात, मोठ्या नदीत कमी. मी तरी ५ चौरस किलोमीटरच्या वर जाणार नाही. शेवटी सागा या जोड-सॉफ्टवेअरमधलं 'प्रवाहापासून उभं अंतर' हे साधन चालवा.

रस्त्याचे भराव आणि पूल डेममध्ये धरणासारखे दिसतात, पाणी त्यामागे तुंबतं. त्या जागी प्रवाहरेषा डेममध्ये कोरून घ्या. कालव्यांचे भरावही बघा, ते पाणी खरोखरच अडवतात, म्हणून ते सरसकट कोरू नका. नळकांडी कुठे आहे हे बघूनच.

आता रडार. तलाव पूर म्हणून का येतात? संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-स्पायडर या कार्यक्रमाची जी पद्धत सगळे गूगल अर्थ इंजिनवर चालवतात, तिच्यात वर्षातले १० किंवा जास्त महिने पाणी असलेली जागा कायमचं पाणी म्हणून वजा होते. बारमाही नद्यांच्या मुलखात ते ठीक. आपले पाझर तलाव, साठवण तलाव सप्टेंबरात भरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दिसतो. ते दहा महिन्यांच्या चाळणीतून कधीच जात नाहीत. उपाय असा: पूर नसलेल्या पण तलाव भरलेल्या एखाद्या चांगल्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तीन-चार प्रतिमा घ्या, त्यातलं पाणी काढा आणि ते वजा करा. निम्न तेरणाच्या माकणी जलाशयाच्या कडेला पाणी ओसरलं की गाळपेरा होतो. ती जमीन पुन्हा बुडाली तर धरण भरलं, एवढाच त्याचा अर्थ. भूसंपादनाची हद्द मिळवा आणि तिच्या आतलं सगळं वगळा.

तुलनेची प्रतिमा एप्रिल-मेची घेऊ नका. उघडी काळी रानं आणि सप्टेंबरातलं उभं पीक यांचा परतावा, म्हणजे परत येणारी रडार लहर, मुळातच वेगळा असतो, पीक वाढल्यानं सिग्नल वर जातो आणि पुरानं खाली आलेला त्यात झाकला जातो. त्याच वर्षीची ऑगस्टअखेरची प्रतिमा, तीच कक्षा, तीच दिशा, व्हीव्ही ध्रुवण (लहर उभी सोडून उभीच टिपलेली). पुरातल्या आणि आधीच्या प्रतिमेच्या गुणोत्तराचा १.२५ हा ठरलेला उंबरठा डोळे झाकून घेऊ नका, १.१५ ते १.४ पर्यंत चालवून ज्ञात बुडालेल्या आणि ज्ञात कोरड्या पन्नास-पन्नास जागांवर तपासा. ५ टक्क्यांहून जास्त उताराची आणि ८ चौकोनांहून लहान ठिपक्यांची छाटणी मात्र ठेवा.

उसाचं कोडं रडारनं सुटत नाही. सी-बँडची, म्हणजे सेंटिनल-१ वापरतो ती, लहर दोन-अडीच मीटर उंच फडाच्या आत जात नाही, खाली कमरेइतकं पाणी असलं तरी वरची पानंच परतावा देतात. तिथे हँड आणि गावातली पूरखूण यांच्यावरच भिस्त ठेवा. नकाशावर ऊस 'निरीक्षण नाही' अशा करड्या रंगात दाखवा, कोरडा म्हणून नाही.

आणि शेवटचं, वेळेचं. सेंटिनल-१ चा एक उपग्रह १२ दिवसांनी त्याच जागी येतो. १बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि १सी डिसेंबर २०२४ मध्ये अवकाशात सोडला गेला, त्यामुळे मधल्या तीन वर्षांत खंड मोठे आहेत. ओढ्याचा पूर काही तासांत उतरतो, तो प्रतिमेत सापडणं नशिबाचा भाग. मोठ्या नदीचं पसरलेलं पाणी दोन-तीन दिवस टिकतं, ते सापडतं. प्रतिमेत पाणी दिसलं नाही याचा अर्थ पूर आला नाही, असा लावू नका.

फरशीपूल:

एक थर तुम्हा दोघांच्याही यादीत नाही, रस्ता तुटून गाव अलग पडणं.

आपल्या भागातल्या कित्येक गावांत घरात पाणी शिरत नाही, पण दोन्ही बाजूंचे फरशी पूल पाण्याखाली जातात आणि गाव दीड-दोन दिवस बेट होतं. बाळंतीण, सर्पदंश, डायलिसिसचा रुग्ण यांच्यासाठी तोच पूर असतो. जनगणनेतलं आरोग्य केंद्राचं अंतर इथे उपयोगाचं नाही, ५ किलोमीटरच्या आत असून मध्ये फरशी असेल तर पावसाळ्यात ते अंतर अनंत आहे.

मोजणी सोपी आहे. रस्त्यांचं जाळं ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या आणि ग्रामसडकेचे तुटलेले दुवे जोडून घ्या. रस्ता जिथे प्रवाहाला छेदतो त्या प्रत्येक बिंदूवर लिहा: मोठा पूल, नळकांडी पूल, फरशी. मग सगळ्या फरश्या बंद करून गावापासून आरोग्य केंद्रापर्यंतचा जवळचा मार्ग पुन्हा काढा, त्यानंतर नळकांड्याही बंद करून एकदा. नेहमीचं अंतर भागिले बंद स्थितीतलं अंतर, हे १ मधून वजा केलं की निर्देशक. मार्गच उरला नाही तर १. साठ गावांत असे बिंदू दीडशे-दोनशेच्या वर जाणार नाहीत, बांधकाम खात्याच्या उपअभियंत्याबरोबर बसलं तर दोन दिवसांत भरतात.

वस्त्यांचंही तसंच. महसुली गाव हा एकक आपल्याकडे फसवा आहे. गावठाण उंचावर, तांडा ओढ्यापलीकडे, पारधी वस्ती गायरानात, शेतवस्त्या चार दिशांना. सरासरी गावठाणाची येते. गूगलच्या खुल्या इमारत-आराखड्यांचा थर भारतासाठी उपलब्ध आहे. हँड ३ मीटरच्या आतली घरं मोजा आणि गावाच्या रंगापेक्षा वस्तीचा ठिपका मोठा दाखवा. गोठे आणि आखाड्यावरची खोपटीही त्यात घर म्हणून येतात. ते चूक म्हणून काढू नका, सप्टेंबरात राखणीला माणूस तिथेच झोपतो.

तेरणाकाठ:

फार उपयोगी. तिन्ही थर वेगळे करायला घेतले आहेत. आता भारांकांचं अडतंय. समान ठेवावेत, मुख्य घटक विश्लेषण (एकत्र बदलणारे निर्देशक एका घटकात गोळा करणारी रीत) करावं, की अय्यंगार-सुदर्शन? शिवाय पडताळणीसाठी अतिवृष्टी अनुदानाच्या याद्या मिळतील असं दिसतंय, त्या वापराव्यात का? आणि पाटबंधारे खात्याची निळी-लाल पूररेषा थेट धोक्याचा थर म्हणून घेतली तर चालेल?

गोदाकाठ_परभणी:

अय्यंगार आणि सुदर्शन यांची १९८२ ची पद्धत सोपी आहे. ज्या निर्देशकाचं प्रमाण विचलन (मूल्यांचा पसारा) जास्त, त्याला भार कमी, म्हणजे एकच उड्या मारणारा स्तंभ सगळा निकाल हाती घेत नाही. समजा तीन निर्देशकांची विचलनं ०.२०, ०.२५ आणि ०.४० आहेत. उलटे केले की ५, ४ आणि २.५, बेरीज ११.५. भारांक ०.४३, ०.३५ आणि ०.२२. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम.

पण पुरासाठी मला तिची एक गोष्ट खटकते. हँड ३ मीटरच्या आतल्या घरांचं प्रमाण बहुतेक गावांत शून्य आणि मोजक्या गावांत ०.८ असतं. विचलन मोठं, म्हणून भार कमी. आपल्याला हवा तोच फरक ती दाबते. मुख्य घटक विश्लेषणाचंही असंच आहे, साक्षरता, मजूर, कच्ची भिंत हे एकमेकांशी बांधलेले असतात म्हणून पहिला घटक गरिबीचाच निघतो आणि पूर बाजूला राहतो. साठ गावांसाठी माझं मत, थराच्या आत समान भार. दोन निर्देशकांचा सहसंबंध ०.८ च्या वर गेला तर एक काढा.

भारांपेक्षा जास्त फरक दोन गोष्टींनी पडतो, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

एक, टोकाचं मूल्य. घनता १५० ते ४०० असलेल्या गावांत एक बाजारपेठेचं गाव २,००० चं आलं की ४०० वालं गाव ०.१४ वर जाऊन बसतं आणि बाकी सगळी शून्याला चिकटतात. ० ते १ मध्ये आणण्याआधी ५ व्या आणि ९५ व्या शतमानावर कापून घ्या, म्हणजे दोन्ही टोकांची पाच-पाच टक्के मूल्यं त्या सीमेवर आणा.

दोन, शेवटची बेरीज. सरासरी काढली की एका थरातली भर दुसऱ्यातली उणीव भरून काढते. दोन काल्पनिक गावं घ्या. पहिल्याचे धोका ०.९, संपर्क ०.९, असुरक्षितता ०.१, दुसऱ्याचे तिन्ही ०.६. साधी सरासरी पहिल्याची ०.६३, दुसऱ्याची ०.६०, म्हणजे पहिलं पुढे. गुणाकाराचं घनमूळ काढलं तर पहिलं ०.४३ आणि दुसरं ०.६०. क्रम उलटला. जोखमीच्या व्याख्येला गुणाकार जुळतो, कारण पाणीच पोचत नसेल तर बाकी काही असो, पूर नाही. मात्र किमान मूल्य शून्य ठेवलं तर गुणाकार सगळं पुसून टाकतो. ० ते १ ऐवजी ०.०५ ते १ मध्ये आणा.

मग भार वर-खाली करून, प्रत्येक निर्देशक एकेकदा काढून, सरासरी आणि गुणाकार दोन्ही लावून शंभरेक वेळा क्रम काढा. ज्या गावाचं नाव ९० वेळा पहिल्या पंधरात येतं ते नक्की. तिसाव्यावरून पाचव्यावर आणि परत उड्या मारणाऱ्या गावाबद्दल आकडा काही सांगत नाही, तिथे जाऊनच बघावं लागतं.

अनुदानाच्या याद्यांनी पडताळणी करू नका. २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की पूर्ण मंडळ अतिवृष्टीचं धरलं जातं, म्हणून त्या यादीत मंडळातली सगळी गावं एकाच वेळी येतात. तुमच्या निर्देशकांतही तोच ६५ चा आकडा आहे. स्वतःच्याच आकड्यानं स्वतःला तपासल्यासारखं होईल. मदतीला ३३ टक्के पीकनुकसानाची अट असते आणि पंचनामा सातबाऱ्यावर होतो, त्यामुळे बटईनं करणारा आणि भूमिहीन मजूर त्यात दिसतच नाही. पडताळणीला घरपडीचे आणि जनावरं वाहून गेल्याचे पंचनामे घ्या. ते जागेवर होतात.

एचएफएल_लातूर:

निळ्या-लाल रेषेचं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र ते निळी हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. आखलेली असेल तर जरूर वापरा, हँडपेक्षा ती कितीतरी भरवशाची, कारण मोजणी करून काढलेले आडवे छेद त्यात असतात. पण ती प्रामुख्याने शहरांजवळच्या आणि मोठ्या प्रकल्पांखालच्या पट्ट्यात मिळते, ओढ्यांना नसते. दोन गावांसाठी रेषा आणि उरलेल्यांसाठी हँड असं मिसळलं तर गावांची तुलना बिघडते. सगळ्यांना हँड लावा आणि रेषा असलेल्या गावांत हँडचा कोणता गट तिच्याशी जुळतो ते तपासून गटांच्या सीमा हलवा.

'२५ वर्षांतून एकदा' हे गावात सांगताना जपा. लोक समजतात, आता येऊन गेला, पुढची २४ वर्षं निवांत. दर वर्षी ४ टक्के शक्यता असा त्याचा अर्थ, आणि २५ वर्षांत किमान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के.

पूरखुणा घ्याच. मंदिराची पायरी, शाळेची भिंत, विजेचा खांब, जिथे जुनी माणसं बोट ठेवतील तिथे. मोबाइलची उंची धरू नका, ती कित्येक मीटर चुकते. ऑटो लेव्हल (सर्वेक्षणाची दुर्बीण) आणि स्टाफ (मोजकाठी) घेऊन पुलाच्या कठड्यासारख्या पक्क्या बिंदूपासून लेव्हल काढा आणि परत त्याच बिंदूवर येऊन मोजणी जुळते का ते बघा. एका गावाला अर्धा दिवस. खुणेसोबत साल, पाणी दिवसा चढलं की रात्री आणि किती वेळात चढलं हे लिहा. वेळ हा खोलीइतकाच मोठा निर्देशक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावला पाण्यानं रात्रीत वेढलं. तीन फूट पाणी दुपारी आलं तर माणसं निघतात, पहाटे तीनला आलं तर निघत नाहीत.

मांजरा-तेरणावर कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बॅरेज झालेत. त्यांची दारं वेळेत उचलली गेली नाहीत तर फुगवटा मागच्या गावांत जातो, आणि हँडला हे कळत नाही. प्रत्येक बॅरेजच्या मागची गावं वेगळी खूण करून ठेवा आणि धरणातून सोडलेलं पाणी गावाशी किती तासांत येतं ते शाखा अभियंत्याकडून लिहून घ्या.

फरशीपूल:

नकाशा ग्रामपंचायतीला देताना १ ते ६० क्रमांक छापू नका. सतराव्या आणि अठराव्या गावात खरा फरक नसतो, भांडण मात्र होतं. चार गट द्या आणि प्रत्येक गावासमोर लिहा की ते तिथे कशामुळे आलं: 'तांडा सखल', 'दोन्ही फरश्या बुडतात', 'मातीच्या भिंती', 'बॅरेजचा फुगवटा'. कारण वेगळं असेल तर करायचं कामही वेगळं. फरश्यांमुळे वर आलेल्या गावाला भोंग्याचा उपयोग थोडाच, तिथे गरोदर बायकांना आठवडाभर आधी हलवणं आणि औषधं गावात ठेवणं हे काम आहे. कुटुंबांची नावं, अपंग आणि एकल महिलांच्या याद्या नकाशावर टाकू नका, त्या ग्रामसेवक आणि आशाताईंकडेच राहू द्या.

भोंगा जिथे बसवाल तिथे खांबाचा पाया पूरखुणेच्या वर आणि बॅटरी स्वतंत्र ठेवा. पाणी चढायला लागलं की महावितरण तो भाग बंद करतं, आणि विजेवरचा भोंगा नेमका तेव्हाच गप्प होतो.